बेचाळिसाव्या वर्षी एएमएच 0.6 : लांजा ते कोल्हापूर, तपासण्या, खर्च आणि निर्णय

माझं लांज्यात औषधांचं दुकान आहे. चाळिशी ओलांडलेल्या बायका दोन अगदी उलट्या काळज्या घेऊन काउंटरवर येतात. कुणी विचारतं, "आता मूल राहील का गो?" कुणी विचारतं, "आता काही राहणार नाही ना?" दोघींना उत्तर एकच द्यावं लागतं : शक्यता फार कमी झालेली असते, पण पाळी येते आहे तोवर ती संपलेली नसते. ऑक्टोबर 2023 ते ऑगस्ट 2024 या काळात पहिला प्रश्न माझा स्वतःचा होता. कुठली तपासणी कधी करायची, कुठे वाट पाहायची, कुठे अजिबात पाहायची नाही आणि पैसे कशाला लागतात, हे आपल्या भागातल्या बाईला एका जागी वाचायला मिळावं म्हणून लिहिते आहे.

पहिली खूण पाळीनेच दिली. नेहमी 28-29 दिवसांनी येणारी पाळी 2023च्या पावसाळ्यात 23-24 दिवसांवर आली. पाळी जायची म्हणजे आधी लांबणार, असं आपण धरून चालतो. लांबते, पण ती पुढची पायरी. त्याआधी बऱ्याच जणींची पाळी जवळ येते. अंडाशयात बीजं कमी उरली की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी जास्त जोर लावते, एफएसएच हे हार्मोन वाढतं आणि त्या महिन्याचं बीज लवकर तयार होऊन लवकर फुटतं. बीज फुटल्यानंतरचा काळ मात्र साधारण 14 दिवसांचाच राहतो. म्हणजे आखडतो तो चक्राचा पहिला भाग. "पाळी लवकर येते म्हणजे अंगात ताकद आहे" असं सांगणाऱ्या मावश्या आपल्याकडे खूप आहेत. त्यांच्यावर विसंबून वर्ष घालवू नका.

आकडे आधीच सांगते, कारण ते कळल्यावरच पुढच्या निर्णयांचा अर्थ लागतो. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयात 10 ते 20 लाख बीजं असतात, पाळी सुरू होते तेव्हा 3-4 लाख आणि पाळी जाते तेव्हा हजारभर. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय 46-47 आहे, पाश्चात्त्य देशांत 51. म्हणून तिथलं वाचून "अजून दहा वर्षं आहेत" असा हिशेब करणं आपल्याला परवडत नाही. तिशीत एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता 100 पैकी 20 च्या आसपास असते, चाळिशीला ती 5 च्याही खाली येते. आणि संख्येपेक्षा मोठी अडचण बीजाच्या दर्जाची आहे. वय वाढलं की बीज विभागताना गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचं प्रमाण वाढतं. बरेचसे गर्भ त्यामुळे रुजतच नाहीत. रुजले तरी 40 ते 44 या वयात साधारण तीनातला एक पडतो, 45 नंतर निम्म्याहून जास्त. डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ जन्मण्याची शक्यता 40 व्या वर्षी सुमारे 100 त 1 असते, 45 व्या वर्षी 30 त 1.

लग्नानंतर वर्षभर वाट पाहा, मग डॉक्टर, हा सल्ला पस्तिशीच्या आतल्या जोडप्यांसाठी आहे. पस्तिशीनंतर सहा महिने. चाळिशीनंतर वाट पाहायचीच नसते, इच्छा आहे म्हटल्यावर थेट तपासण्या. आमचं लग्न 2016 सालचं, उशिराचं. ऑक्टोबर 2023 मध्ये रत्नागिरीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी या म्हणून सांगितलं. दिवस मोजताना नुसता डाग लागला तो धरायचा नाही, नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. संध्याकाळनंतर सुरू झाला तर आमच्या डॉक्टर दुसरा दिवस पहिला धरायच्या. प्रत्येक ठिकाणची रीत थोडी वेगळी असते, म्हणून पहिल्याच भेटीत विचारून घ्या. रविवार आणि दिवाळीची सुट्टी मध्ये आली तर लॅब बंद असते आणि तपासणी सरळ महिनाभर पुढे जाते. या वयात एक महिनाही थोडा नसतो.

दुसऱ्या दिवसाच्या रक्तात एफएसएच आणि इस्ट्राडिओल ही दोन हार्मोन बघतात. दोन्ही एकत्रच करायचं. इस्ट्राडिओल वाढलेलं असेल तर ते एफएसएचला दाबून ठेवतं आणि एकटं एफएसएच खोटं चांगलं दिसतं. थायरॉइडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन, साखरेसाठी एचबीए1सी, हिमोग्लोबिन, रक्तगट, थॅलेसिमियासाठी एचपीएलसी आणि रुबेलाची प्रतिकारशक्ती ही बाकीची यादी. एएमएच, म्हणजे अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन, पाळीच्या कुठल्याही दिवशी चालतं. त्याचा नमुना आपल्याकडून मुंबईला जातो, म्हणून निकालाला चार-पाच दिवस धरा. मला एएमएचचे 1,800 रुपये पडले, बाकी रक्ताचे मिळून 3,000 च्या घरात. साध्या तपासण्या सरकारी रुग्णालयात करून खर्च कमी करता येतो. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत त्या मोफत आहेत. दुकानदार म्हणून एक सांगते : केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद करा. हार्मोनच्या बऱ्याच तपासण्यांचे आकडे बायोटिनमुळे चुकतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एएमएच खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं, तेही डॉक्टरांना आधी सांगा.

त्याच दिवशी योनीमार्गातून सोनोग्राफी. अंडाशयात त्या महिन्याला किती छोटे फॉलिकल, म्हणजे बीज वाढतं त्या पिशव्या, दिसतात ते मोजतात. दुखत नाही, लघवी रिकामी करून जायचं. आधारकार्ड मागतात आणि कधी गर्भलिंग निदानविरोधी कायद्याच्या कागदांवर सहीही घेतात. गर्भ नसतानाही गर्भाशयाच्या सोनोग्राफीला एवढी कागदपत्रं का, म्हणून काही जणी बिचकतात. घाबरायचं काही नाही.

माझे आकडे असे आले : एएमएच 0.6, एफएसएच 13.5, दोन्ही बाजूंचे मिळून फॉलिकल 4. एएमएच 1.1-1.2 च्या खाली आणि फॉलिकल 5 पेक्षा कमी म्हणजे साठा कमी समजतात. एफएसएच 10 च्या वर गेलं की वाढलेलं, 25 च्या वर म्हणजे पाळी जाण्याचा टप्पा जवळ आला. एफएसएच मात्र दर महिन्याला वरखाली होतं. एखाद्या महिन्यात ते 9 आलं म्हणून अंडाशय तरुण होत नाही. एएमएचचा अर्थ तर बहुतेक जण चुकीचा लावतात. इंजेक्शनं दिली तर किती बीजं हाती लागतील याचा अंदाज त्यावरून येतो. या महिन्यात आपोआप दिवस राहतील की नाही, ते त्यावरून कळत नाही, कारण आपोआप राहायला एकच चांगलं बीज पुरतं आणि ते चांगलं असणं वयावर ठरतं. एएमएच 0.6 असलेल्या बत्तीस वर्षांच्या बाईची स्थिती माझ्यापेक्षा खूप बरी असते. रिपोर्ट हातात आला त्या रात्री मला झोप लागली नाही. आकड्यांचा अर्थ दुसऱ्या भेटीत नीट समजला तेव्हा भीती गेली नाही, पण तिला एक आकार आला.

नवऱ्याची तपासणी पहिल्याच आठवड्यात करा. आपल्याकडे बाईच्या सगळ्या तपासण्या संपल्यावर, तीही कुणी आग्रह धरला तर, पुरुषाचं नाव निघतं. आम्हाला 600 रुपये पडले. आधी दोन ते सात दिवस संबंध ठेवायचा नाही आणि नमुना तासाभरात लॅबमध्ये पोहोचला पाहिजे. गावाहून घेऊन निघालात तर वेळ टळतो, म्हणून लॅबमध्येच द्यायचा. शुक्राणूंची संख्या मिलिलिटरला 1 कोटी 60 लाखांच्या वर आणि एकूण हालचाल 42 टक्क्यांच्या वर, ही जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा. अहवाल कमी आला तर एवढ्यावर शिक्का मारत नाहीत, काही आठवड्यांनी पुन्हा करतात. आमचा ठीक आला.

नोव्हेंबरात एचएसजी केली, म्हणजे गर्भाशयात औषध सोडून नळ्या मोकळ्या आहेत का ते एक्स-रेवर बघतात. पाळी थांबल्यावर, बीज फुटण्याआधी करायची असते. माझं चक्र आखडलेलं, म्हणून सातव्या दिवशी केली. 3,500 रुपये. कळ येते, पाळीच्या पहिल्या दिवसासारखी, पण थोडाच वेळ. अर्धा तास आधी दुखण्याची गोळी घ्या आणि सोबत कुणाला तरी न्या. एसटीने एकटीने परत यायचा बेत करू नका. आपल्या देशात नळ्या बंद होण्यामागे गर्भाशयाचा क्षयरोग हे मोठं कारण आहे. पूर्वी टीबी झाला असेल, घरात कुणाला झाला असेल, तर ते सांगायला लाजू नका.

नळ्या मोकळ्या, नवऱ्याचा अहवाल ठीक. डिसेंबर-जानेवारी आपोआप प्रयत्न करायचे आणि फेब्रुवारीत आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, असं ठरलं. या दोन महिन्यांबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे फुकट मिळणारी शक्यता वाया जाते. "चौदावा दिवस" हे 28 दिवसांच्या चक्राचं गणित आहे. पुढच्या पाळीतून 14 वजा करायचे. 23 दिवसांचं चक्र असेल तर बीज नवव्या दिवशी फुटतं. दिवस राहू शकतात ते बीज फुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, कारण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकतात, पण बीज जेमतेम एक दिवस. म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवसापासून एक दिवसाआड संबंध ठेवायला हवा. चौदाव्या दिवसाची वाट पाहणारीची संधी तेव्हा संपून पाच दिवस झालेले असतात. दुकानात मिळणाऱ्या ओव्ह्युलेशनच्या पट्ट्या एलएच, म्हणजे बीज फुटण्याआधी वाढणारं हार्मोन, मोजतात. पाळी जायच्या सुमाराला एलएच मुळातच चढं असू शकतं, मग पट्टी पुन्हा पुन्हा दोन रेघा दाखवते. मी त्या विकते, तरी या वयाच्या बाईला सांगते की एकट्या पट्टीवर भरवसा नको. एकदा सोनोग्राफीने फॉलिकल बघून आपला दिवस समजून घ्या.

फॉलिक अॅसिड तपासण्यांपासूनच सुरू केलं होतं. 400 मायक्रोग्रॅम पुरतं. मधुमेह असेल, फिटची औषधं चालू असतील किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर डॉक्टर 5 मिलिग्रॅम देतात. रुबेलाची लस घ्यावी लागली तर त्यानंतर महिनाभर गर्भ राहू द्यायचा नसतो, म्हणून ती तपासणी अगदी सुरुवातीला. बीजाचा दर्जा वाढवणाऱ्या म्हणून कोएन्झाइम क्यू10 आणि डीएचईएच्या महागड्या पुड्या बायका घेऊन येतात. वयामुळे झालेला गुणसूत्रांचा दोष त्या सुधारतात असा भक्कम पुरावा नाही. डीएचईए तर हार्मोन आहे, मनाने घ्यायचं औषध नव्हे. अंडाशयात स्वतःच्या रक्तातले प्लेटलेट टोचून "अंडाशय तरुण करण्याचा" उपचारही अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे. ते पैसे आयव्हीएफच्या फाइलला ठेवा.

पैशांचं आधीच बघा. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत अपवादांच्या यादीत "एक्स्क्ल 17" असा संकेतांक शोधा : वंध्यत्व. तो असेल तर दावा करून उपयोग नाही, आणि बहुतेक वैयक्तिक पॉलिसीत तो असतोच. आयुष्मान भारतमध्येही प्रजनन उपचार वगळलेले आहेत. नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक विम्यात कधी कधी तरतूद असते, म्हणून मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा. आमच्याकडे काहीच नव्हतं, खर्च सगळा खिशातून.

केंद्र निवडताना कोल्हापूर, मुंबई आणि गोवा असे तीन पर्याय होते. लांज्याहून दाभोळ्याला रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता गाठून साखरपा, आंबा घाट, मलकापूर करत तीन तासांत कोल्हापूर. म्हणून तेच धरलं. 2021 च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार प्रत्येक केंद्राची नोंदणी लागते. लेव्हल 1 म्हणजे फक्त आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं), आयव्हीएफला लेव्हल 2 लागते. भिंतीवर प्रमाणपत्र असतं, ते वाचा. उपचाराला बाईचं वय 50 च्या आत आणि पुरुषाचं 55 च्या आत लागतं. एका ठिकाणी मी विचारलं, माझ्या वयाच्या बायकांचा निकाल काय? "साठ टक्के" असं उत्तर आलं. तो आकडा सगळ्या वयांचा, दात्या स्त्रियांच्या बीजांसकट आणि नुसत्या पॉझिटिव्ह चाचणीचा होता. प्रश्न असा विचारायचा : 42-43 वर्षांच्या, स्वतःचं बीज वापरलेल्या शंभर बायकांपैकी किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या? ज्या डॉक्टरांनी या प्रश्नावर सरळ "शंभरात पाच ते दहा" असं सांगितलं, त्यांच्याकडे आम्ही थांबलो. ऐकून पोटात गोळा आला, पण खरं बोलणाऱ्या माणसाच्या हाती स्वतःला द्यायला धीर होतो.

कागद : दोघांचं आधार, पॅन, वयाचा दाखला, फोटो आणि लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र. शेवटच्या कागदावर आपल्याकडची माणसं अडतात. पत्रिका आणि फोटो चालत नाहीत. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांकडे (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) अर्ज द्यायचा, तीन साक्षीदार, दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. उशिरा नोंद केली तर शुल्क थोडं जास्त, पण होते. आधारवर माहेरचं नाव आणि प्रमाणपत्रावर सासरचं असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. त्याला वेळ जातो, म्हणून रक्ताच्या तपासण्या चालू असतानाच हे काम मार्गी लावा. संमतीपत्रांवर दोघांच्या सह्या लागतात. गर्भ उरले तर गोठवायचे का, आणि दोघांतला एक दगावला तर त्यांचं काय करायचं, असे प्रश्न त्यात असतात. काउंटरवर उभ्याउभ्या सह्या करू नका. कागद घरी आणा, दोघांनी बसून वाचा.

वेळ ठरवताना आपल्याकडचं वर्ष डोळ्यांसमोर ठेवा. मार्च ते मे आंबा, घरातलं माणूस बागेतून हलू शकत नाही. जून ते सप्टेंबर घाटात दरड कधी येईल सांगता येत नाही, आणि इंजेक्शनांच्या काळात ठरलेल्या दिवशी सोनोग्राफी चुकवून चालत नाही. नंतर गणपती, भातकापणी. फेब्रुवारी आम्ही त्यामुळेच निवडला. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबण्याचा पर्याय त्रेचाळिशीच्या उंबरठ्यावर नव्हताच.

फेब्रुवारी 2024, पाळीचा दुसरा दिवस, कोल्हापूर. सोनोग्राफी झाली आणि त्याच संध्याकाळपासून पोटावर एफएसएचचं इंजेक्शन, रोज 300 युनिट. साठा कमी असला की डोस दुप्पट करून बीजं दुप्पट येत नाहीत. 300 च्या वर नेऊन फायदा होत नाही, फक्त बिल वाढतं. दिवसाला चार ते पाच हजार रुपये इंजेक्शनांचेच जात होते. साधारण 8 ते 12 दिवस हे चालतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बीज वेळेआधी फुटू नये म्हणून दुसरं इंजेक्शन त्यात येतं. नाभीपासून दोन बोटं सोडून टोचायचं, रोज बाजू बदलायची. सुई बारीक असते.

मधल्या दिवसांत घरी येऊन टोचायचं ठरवलंत तर औषधाच्या थंडाव्याकडे लक्ष द्या. एफएसएचची पेनं 2 ते 8 अंशांत ठेवायची. काही पेनं बाहेर चालतात, पण "25 अंशांखाली" अशी अट वेष्टनावर असते, आणि कोकणातल्या घरात दुपारी 25 अंश फेब्रुवारीतही मिळत नाहीत. फ्रिजच्या दारात ठेवू नका, दार उघडझाप होतं. बर्फाच्या कप्प्याला चिकटवूही नका, गोठलेलं औषध वाया जातं. मधल्या कप्प्यात डब्यात ठेवा. प्रवासात थर्मासात जेलचे थंड पॅक, त्यावर रुमाल, त्यावर औषध. लाइट गेली तर फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज दोन-तीन तास थंडावा धरतो.

शेवटचं इंजेक्शन, ज्याला ट्रिगर म्हणतात, ते घड्याळ लावून घ्यायचं. बीजं त्यानंतर 34 ते 36 तासांनी काढतात, त्यामुळे रात्री साडेनऊ सांगितले तर साडेनऊच. उशीर झाला तर बीजं कच्ची राहतात, लवकर घेतलं तर काढण्याआधी फुटून जातात. त्या दोन रात्री आम्ही कोल्हापुरात केंद्राजवळ खोली घेऊन राहिलो. नातेवाइकांचं घर होतं, पण प्रश्न नको होते.

बीजं काढताना थोडी भूल देतात, रात्रीपासून उपाशी राहायचं. वीस मिनिटांचं काम. तीन बीजं मिळाली, दोन पक्की होती, एकाचा गर्भ झाला. गर्भ झाला की नाही ते दुसऱ्या दिवशी सकाळी, 16-18 तासांनी, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि फोन करतात. ही गळती प्रत्येकीची होते. फॉलिकल चार दिसले म्हणून चार बाळांची आशा धरायची नाही, हे आधी ठाऊक असेल तर तो फोन सोसतो. एकच गर्भ असल्यामुळे पाचव्या दिवसापर्यंत न वाढवता तिसऱ्या दिवशी आत सोडला. त्याला भूल लागत नाही, फक्त लघवी भरलेली लागते. नंतर झोपून राहण्याने गर्भ टिकतो असं नाही. मी दुसऱ्या दिवशी गाडीने घाट उतरून घरी आले आणि दोन दिवसांनी दुकानात बसले.

मग वाट पाहणं. प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल योनीत ठेवायच्या असतात. त्यांनी छाती दुखते, पोट फुगतं, पाळी पुढे जाते, म्हणजे गर्भ राहिल्याची सगळी लक्षणं औषधच देतं. घरी लघवीची पट्टी आधी करू नका. पट्टी एचसीजी हे हार्मोन शोधते, आणि ट्रिगरमधलं एचसीजी दहा दिवसांपर्यंत अंगात राहतं आणि खोटी दुसरी रेघ उमटवतं. बीजं काढल्यानंतर दोन आठवड्यांनी रक्तातलं बीटा एचसीजी करायचं. 5 च्या खाली म्हणजे गर्भ नाही. माझं 1.2 आलं. निकाल मोबाइलवर आला, दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला औषध दिलं, शटर ओढलं आणि रडले. नवरा बागेतून आला तो काही न बोलता शेजारी बसला. तीन-चार दिवसांनी पाळी आली.

एकूण खर्च : केंद्राचे 1,20,000, इंजेक्शनं 50,000 च्या आसपास, तपासण्या, खोली, प्रवास धरून दोन लाखांच्या थोडं खाली. अंदाजपत्रक घेताना पॅकेजमध्ये इंजेक्शनं, भूल आणि गर्भ गोठवण्याचं वार्षिक भाडं धरलं आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारा.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी पुढचे पर्याय मांडले. स्वतःच्या बीजाने पुन्हा केलं तर 43 नंतर बाळ हाती येण्याची शक्यता शंभरात पाचच्या आसपास. दात्या स्त्रीचं बीज घेतलं तर शक्यता कित्येक पटींनी वाढते, कारण गर्भपात आणि गुणसूत्रांचा धोका बीज देणारीच्या वयावर चालतो आणि गर्भाशय सहसा वयाने एवढं थकत नाही. कायद्याने दाती 23 ते 35 वर्षांची असते, आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते, सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत आणि तिच्यासाठी विमा काढावा लागतो. बीज नोंदणीकृत एआरटी बँकेकडून येतं, तिची ओळख कळत नाही. रक्तदाब आणि गरोदरपणातला मधुमेह हे धोके मात्र आपल्याच वयाचे राहतात, म्हणून आधी हृदयाची, साखरेची, स्तनांची तपासणी करतात आणि एकावेळी एकच गर्भ सोडणं सुरक्षित असतं. मला हा मार्ग परका वाटला नाही. आमच्या ओळखीत एकीला त्यातून मुलगी झाली आहे आणि ती घरभर नाचते. पण पुन्हा दोन-तीन लाख आणि पुन्हा ती वाट पाहणं, याला आम्ही दोघं तयार नव्हतो. मर्यादा आधीच कागदावर लिहिली होती : एवढे पैसे, एवढ्या वेळा. तिचा खूप आधार झाला. नाहीतर "अजून एकदा" ला अंत नसतो.

आंबा संपल्यावर दत्तकाची नोंदणी केली. तिथेही वय मोजतात, हे आधी माहीत असावं. दोन वर्षांखालच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85 पर्यंत लागते, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90, चार ते आठसाठी 100. वय नोंदणीच्या वेळचं धरतात. ऑगस्ट 2024 मध्ये माझे 43 आणि नवऱ्याचे 47. पुढच्या वाढदिवसाला आमचा गट बदलला असता. उपचार चालू असतानाही ही बेरीज करून ठेवा. कारिंग्ज या केंद्र सरकारच्या दत्तक पोर्टलवर ऑनलाइन नोंदणी, तीस दिवसांत कागद चढवायचे, मग समाजसेविका घरी येऊन अहवाल करते. दत्तकाचा आदेश सप्टेंबर 2022 पासून जिल्हाधिकारी देतात. लग्नाचं प्रमाणपत्र तयार होतं, ते इथेही उपयोगी पडलं.

पाळी अजून येते, आता कधी 24 दिवसांनी, कधी 40. आपोआप दिवस राहण्याची बारीकशी शक्यता आहेच. राहिले तर आम्हाला हवेच आहेत. ज्यांना नको आहेत त्यांनी सावध राहायचं, कारण याच काळात "पाळी जायला आली" समजून चार-चार महिने कळतच नाही. शेवटची पाळी पन्नाशीच्या आत आली असेल तर त्यानंतर दोन वर्षं गर्भनिरोधन चालू ठेवायचं, पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष. चाळिशीनंतर बसवलेली तांबी पाळी जाईपर्यंत राहू देतात, सरकारी दवाखान्यात ती मोफत बसवतात. नकोसा गर्भ राहिलाच तर 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने कायदेशीर गर्भपात होतो, पण जितक्या लवकर जाल तितकं सोपं.

पाळी नेहमीपेक्षा आठवडाभर लांबली की सकाळच्या पहिल्या लघवीची पट्टी करा. एक रेघ आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा. एका बाजूला जोराची कळ आणि डाग असतील तर पट्टीवर न थांबता लगेच सोनोग्राफी, गर्भ नळीत असू शकतो. आणि सलग वर्षभर पाळी नसताना पुन्हा रक्त दिसलं, थेंबभर का होईना, तर ती परत आलेली पाळी समजू नका. त्याच आठवड्यात गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी करून घ्या.